साहेब येऊन गेल्यावर कमान

मराठवाड्यातला माणूस मुंबईला जातो, मुंबई बघायला जात नाही. तो कशासाठी निघालाय हे रात्री लातूरच्या स्टेशनवर मुंबईच्या गाडीशेजारी उभं राहिलं की न विचारता कळतं. काखेत प्लास्टिकची फाइल असेल तर मंत्रालय. एक्स-रेचं मोठं पाकीट असेल तर टाटा हॉस्पिटल. डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन कुणी आजी बसल्या असतील तर डोंबिवलीला लेक बाळंत झालीय. चौथं कारण आमच्याकडं मान्य नाही. "सहजच चाललोय, फिरायला," असं कुणी म्हणालं, तर ऐकणारा आवाज खाली आणून विचारतो, "घरी सगळं ठीक हाय ना?"

तरीही इंग्रजांनी मुंबईत बांधून ठेवलेल्या इमारती जन्मभर मुंबईत राहिलेल्या माणसापेक्षा आमच्या माणसानं जास्त वेळा पाहिलेल्या असतात. श्रेय मंत्रालयाच्या वेळापत्रकाला. गाडी सकाळी सीएसएमटीला लागते आणि सामान्य माणसाला मंत्रालयात दुपारी दोननंतर सोडतात. मधले पाच-सहा तास काढायचे कुठं? आमदार निवासातल्या खोलीत आपल्याच मतदारसंघातली माणसं आधीच सतरंजीवर ओळीनं आडवी झालेली असतात. मग हा गडी फाइल काखेत धरून फोर्टातून चालत सुटतो. इथल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोनं २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. आमच्या भागानं त्यांना 'दोन वाजेपर्यंत बरं हाय' असा दर्जा त्याच्या कितीतरी आधी देऊन ठेवला होता.

आमच्या गल्लीतले तात्या मावेजाच्या फाइलीपायी बरीच वर्षं मुंबईची वारी करतात. त्यांची जमीन पाझर तलावात गेली. तलावात अजून पाणी आलेलं नाही आणि तात्यांना मावेजा मिळालेला नाही, म्हणजे सरकारच्या दृष्टीनं हिशेब बरोबर आहे. यंदा त्यांच्या सोबतीला मी होतो. तात्यांचा भाचा तिकडं नोकरीला असतो. दोनपर्यंत मामा काय करणार म्हणून त्यानं मोबाइलवरून आम्हा तिघांचा हेरिटेज वॉक बुक करून टाकला.

"म्हंजे काय करायचं असतंय?" तात्यांनी विचारलं.

"चालायचं, मामा. जुन्या इमारती बघत."

"अन् पैसे कोण देणार? ते का आपण?"

आपण, हे कळल्यावर तात्या बराच वेळ बोलले नाहीत. चालण्याचे पैसे पडतात आणि बसण्याचे पडत नाहीत अशी जागा जगात मुंबईच, असं ते नंतर गाडीत म्हणाले.

वॉक सीएसएमटीच्या समोरून सुरू झाला. तात्यांनी मान वर केली आणि विचारलं, "हे कुठलं ओ?" भाच्याला वाटलं मामा चेष्टा करतायत. पण मामांचं खरं होतं. बाहेरगावच्या गाड्यांचे फलाट स्टेशनच्या पूर्व अंगाला. गाडीतून उतरलेला माणूस गर्दीबरोबर पी. डिमेलो रोडच्या दारानं बाहेर पडतो, तिथं चहा पितो, टॅक्सीवाल्याला नाही म्हणतो आणि वाटेला लागतो. जगभरातली माणसं विमानानं येऊन ज्या इमारतीचे फोटो काढतात, तिच्या पाठीमागच्या दारानं लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या माणसांची ये-जा चालू आहे. दर्शनी बाजू बघायची तर रस्ता ओलांडून जावं लागतं, आणि काम नसताना रस्ता ओलांडायची मुंबईत कुणाची छाती आहे?

वॉक घेणारी मुलगी हुशार होती, मराठीही छान बोलायची. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स नावाच्या वास्तुविशारदानं आराखडा केला, १८७८ साली काम सुरू झालं, दगडातली माकडं, मोर नि पानंफुलं मुंबईच्या कला विद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी घडवली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला १८८७ साली पन्नास वर्षं झाली, म्हणून तिचं नाव देऊन टाकलं. बांधकाम पुरतं संपायला १८८८ उजाडलं.

"म्हंजे उद्घाटन आधी अन् काम मागून," तात्या म्हणाले. "मला वाटायचं हे आपल्याकडंच हाय."

खर्च आला सोळा लाखांच्या घरात, असं सांगितल्यावर तात्या त्या मुलीकडं पहिल्यांदा आदरानं बघायला लागले. सोळा लाखांत आता औसा रोडला प्लॉटचा कोपरासुद्धा येत नाही. दाराच्या दोन खांबांवर एकीकडं सिंह, दुसरीकडं वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. दोघांना एकाच गेटवर ड्युटी लावलेली आणि दोघंही एकमेकांकडं बघत नाहीत, हे तात्यांना आपल्या तहसिलीची आठवण करून गेलं. मग मुलीनं दर्शनी भिंतीवर घड्याळाखालचा एक कोनाडा दाखवला. तिथं राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला, तेव्हापासून कोनाडा मोकळाच आहे.

तात्या खरोखर अचंबित झाले ते इथं. "इतकी वर्षं जागा रिकामी? मुंबईत? अन् एकाचाबी अर्ज नाही?"

पुढं चालताना एका वळणावर ती म्हणाली, "इंग्रजांनी आपल्यावर जवळजवळ दोनशे वर्षं राज्य केलं." तात्या थांबले. "तुमच्यावर," ते म्हणाले. "आमच्यावर नाही."

आता यात तात्यांची चूक नाही. नांदेड, लातूर हा सगळा मुलूख निजामाचा. निजाम इंग्रजांच्या धाकात, आम्ही निजामाच्या धाकात, म्हणजे गुलामी आम्हाला घाऊक बाजारातून न येता किरकोळीत आली. राजधानी हैदराबाद, आणि १९५६ पर्यंत ती तशीच राहिली. देश स्वतंत्र झाला त्यानंतर तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला, आमच्याकडं स्वातंत्र्य पोचलं. तेव्हापासून कुठलीही योजना यायला उशीर झाला की आमची माणसं फारशी रागावत नाहीत.

खरा इंग्रजी मुलूख म्हणजे बार्शी. सोलापूर जिल्ह्यातला तो तालुका इंग्रजांचा आणि त्याला लागून निजामाची हद्द. आमच्या आज्या-पणज्यांचा पहिला परदेश प्रवास बार्शीला झालेला आहे. हद्दीवर निजामाचा करोडगिरी नाका, तिथं गाठोडं सोडून दाखवायचं. इकडं चालतो तो हाली रुपया, तिकडं चालतो तो कलदार. विसा तेवढा नव्हता. परक्या मुलखातून आणलेलं लुगडं म्हणून बार्शीच्या लुगड्याचा कोण तोरा असायचा! आज न्यू जर्सीहून आलेली सून ज्या आवाजात चॉकलेटं वाटते, त्या आवाजात बार्शीहून आलेल्या बायका शेव-चिवडा वाटत असणार.

या बार्शीला एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली कुर्डुवाडीपासून छोटी रेल्वे आणली. रूळ अडीच फुटी. ती वाढत वाढत निजामाच्या हद्दीत शिरली आणि १९११ साली लातूरला पोचली. धान्य, कापूस, गूळ जे काही आमच्याकडं पिकायचं ते या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई बंदर. माल घेऊन जाताना गाडी इतक्या सावकाश जायची की मधे उतरून शेतातली बोरं खाऊन माणसं पुन्हा तीच गाडी पकडायची, असं म्हातारी माणसं सांगतात. त्यांनी हे सांगताना बोरांचा मोसम होता की नव्हता याची मी चौकशी करत नाही. २००७-०८ मध्ये रूळ रुंद झाले. बोरं बंद झाली आणि गाडी मुंबईला सरळ जायला लागली. पुढं तीच गाडी आठवड्यातले काही दिवस बीदरपर्यंत न्यायचं ठरलं, तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले. वर्षानुवर्षं छोट्या गाडीत हाल सोसून मोठी गाडी आमच्या दारात थांबायला शिकली, आणि तिची जागा धरून बसणार बीदरची माणसं?

हे सगळं तात्यांनी त्या मुलीला सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं. वॉकला आलेले बाकीचे लोक आता तिच्याऐवजी तात्यांच्या भोवती उभे राहायला लागले होते.

तिनं मग तिची हुकमी गोष्ट काढली. मुंबईची बेटं पोर्तुगीजांची. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि बेटं हुंड्यात द्यायचं कबूल झालं. पण इंग्रज ताबा घ्यायला आले तर इथले पोर्तुगीज म्हणाले, अमुक बेट त्यात धरलेलं नाही, तमुक आमचंच आहे. ताबा मिळेपर्यंत १६६५ साल आलं.

"याद्या करताना कोण होतं?" तात्यांनी विचारलं. आमच्याकडं लग्नाच्या याद्या चार कर्त्या माणसांसमोर होतात, सह्या होतात, आणि तरी मांडवात मोटारसायकलवरून रुसवे होतात. इथं तर अख्ख्या बेटांचा मामला, आणि यादी करणाऱ्यांनी बेटं डोळ्यानं पाहिलेली नव्हती. पुढं १६६८ साली त्या जावयानं ही बेटं वर्षाला दहा पौंडांच्या भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. तात्यांचं मत पडलं की जावई बिनकामाचा होता. सासरचं आलेलं रान बटाईनं लावायचं, इतक्या कमी खंडानं नाही.

काळा घोडा हा मुक्काम थोडक्यात आटोपला, कारण तो तात्यांना लगेच समजला. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा काळा पुतळा होता. १९६५ साली तो उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. पुतळा गेला, चौकाचं नाव राहिलं. मग २०१७ साली त्या नावासाठी नवा काळा घोडा आणून बसवला, त्याच्या पाठीवर कुणीच नाही. "राजा नको, पण घोडा पाहिजे," तात्या म्हणाले. "मंत्री गेला तरी लाल दिव्याची गाडी पोर्चात ठेवायची, तसं." मुलीनं हेही लिहून घेतलं.

राजाबाई टॉवरपाशी मात्र तात्या गप्प झाले. २८० फुटांचा मनोरा, १८७८ साली पुरा झालेला, सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या नामांकित वास्तुविशारदाचं डिझाइन. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. प्रेमचंदशेठ कापसातले मोठे मासे. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, गिरण्या अडल्या, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षं मुंबईत पैशाचा पूर. १८६५ ला यादवी संपली, भाव कोसळले आणि रातोरात पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदशेठचंही दिवाळं निघालं, तरी मनोरा उभा राहिला. आईची दृष्टी अधू होती, दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम होता, वेळ कळावी म्हणून लेकानं घड्याळ बांधलं, अशी कथा सांगतात.

कापसाचे भाव परदेशातल्या लढाईवर चढतात आणि लढाई मिटली की पडतात, हे तात्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की ज्यांनी कापूस पिकवला त्यांच्या आयांना वेळ कशी कळायची. मुलीला उत्तर देता आलं नाही. भाच्यानं विषय बदलला आणि म्हणाला, मामा, हे विद्यापीठ आहे. लगेच तात्यांमधला लातूरकर जागा झाला. "बिल्डिंग चांगली हाय. इथं नीटचा रिझल्ट किती लागतो?"

तिथून आम्ही गेटवेला आलो, आणि माझ्या मते साऱ्या मुंबईत मराठवाड्याच्या माणसाला आपली वाटावी अशी ही एकच वास्तू आहे. तिचा इतिहासच तसा आहे. १९११ च्या डिसेंबरात राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत उतरले. त्यांच्या स्वागताला कमान हवी. खरी कमान बांधायला वेळ कुठला? मग पुठ्ठ्याची उभी केली. राजेसाहेब पुठ्ठ्याखालून गेले, दिल्लीला दरबार भरवला, परत मायदेशी गेले. त्यानंतर १९१३ च्या मार्चात पायाभरणी. मग जॉर्ज विटेट यांचा आराखडा मंजूर व्हायला १९१४. मग समुद्रात भराव. ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉयच्या हस्ते उद्घाटन. ज्याच्यासाठी कमान, तो येऊन गेल्याला तेरा वर्षं झाली होती.

तात्यांनी हात जोडले. कुणाला, ते कळलं नाही.

पण खरी गंमत पुढंच आहे. समोरून येणारा रस्ता आणि गेटवे एका रेषेत नाहीत, कमान जरा तिरकी उभी आहे, हे नीट बघितलं तर दिसतं. कमानीला साजेसा सरळ, रुंद रस्ता करायचं आराखड्यात होतं. पैसे कमानीतच संपले. २१ लाख रुपये खर्च झाला आणि रस्ता निधीअभावी राहून गेला. आजतागायत झालेला नाही.

"मग तर हे आपलंच की ओ!" तात्या एवढ्यानं ओरडले की कबुतरं उडाली. आमच्या तालुक्यात स्वागतकमान आहे आणि तिच्या आतल्या गावाला रस्ता नाही. एक पूल आहे, त्याला दोन्ही बाजूंनी चढायची सोय नाही. या गोष्टींची तात्यांना आतापर्यंत लाज वाटत आली होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की हा जागतिक दर्जाचा वारसा आहे. याच कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजी फौजेची शेवटची पलटण समारंभानं निघून गेली, हे मुलीनं सांगितलं, तेव्हा तात्या म्हणाले की येताना पुठ्ठ्यातून आले, जाताना दगडातून गेले, म्हणजे कमानीचा उपयोग निरोपालाच जास्त झाला.

कठड्यापाशी उभं राहून त्यांनी समुद्र पाहिला. कुणीही लातूरकर पाण्याकडं बघतो तेव्हा त्याच्या मनात आपोआप वॅगनी मोजल्या जातात. २०१६ च्या एप्रिलात आमचं शहर इतकं कोरडं पडलं की मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वॅगनी, सुमारे पाच लाख लिटर. ती गाडी बघायला स्टेशनवर जेवढी गर्दी झाली तेवढी पंचम जॉर्जला बघायला झाली असेल का, मला शंका आहे. तात्यांनी घारापुरीच्या दिशेला नजर टाकली, ओठ हलवले, हिशेब लागेना तेव्हा सोडून दिला आणि पिशवीतली लातूरहून भरून आणलेली बाटली काढून घोटभर पाणी प्याले. बाटली घट्ट बंद करून पुन्हा पिशवीत.

दोन वाजता मंत्रालयाची रांग. इथं पुढच्या नंबरावर नांदेडचे एक गृहस्थ भेटले. आदल्या दिवशी तपोवन एक्स्प्रेसनं दिवसभर बसून आले होते. लातूर आणि नांदेड यांचं विभागीय आयुक्तालय कुठं व्हावं यावरून जमत नाही, पण मुंबईच्या रांगेत दोघं सख्खे भाऊ. दोन्ही जिल्ह्यांनी मिळून राज्याला चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण, अशोक चव्हाण तिकडचे. निलंगेकर, विलासराव इकडचे. त्यामुळं मलबार हिल आम्हाला प्रेक्षणीय स्थळ वाटत नाही. कधी काळी ओळखीचं होतं असं घर वाटतं.

तात्यांनी गृहस्थांना सकाळचा सगळा वारसा सांगितला. शेवटी विचारलं, "ही बिल्डिंग इंग्रजांची का?"

"नाही ओ. ही १९५५ ची, आपल्याच लोकांनी बांधलेली. आधी सचिवालय म्हणायचे. १९७५ ला आमच्या शंकररावांनी मंत्रालय केलं."

"मग रांग?"

"पाटी बदलली. रांग बदलायची राहून गेली."

त्या दिवशी काम झालं का, हे विचारू नये. संबंधित टेबलावरचे साहेब बैठकीला गेले होते आणि फाइल त्यांच्यासोबत गेली होती की त्यांच्याआधी, यावर दोन कारकुनांत मतभेद होते.

दिवाळीला तात्यांचा भाचा लातूरला आला, सोबत त्या वॉकमध्ये भेटलेले दोन मुंबईकर मित्र. तात्यांनी त्यांना गंजगोलाई दाखवायला नेलं. १९१७ सालचं बांधकाम, फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराची आखणी, मधोमध जगदंबेचं मंदिर आणि भोवती सोळा रस्ते. मिरच्यांपासून सोन्यापर्यंत सगळा बाजार त्या गोलाभोवती. लंडन-पॅरिसचं नाव सांगून दाखवलं असतं तर माणसांनी पैसे भरून पाहिलं असतं. आम्ही तिथून रोज जातो, आणि बघतो ते एवढंच की समोरून येणारा रिक्षावाला सोळांतल्या कुठल्या रस्त्यानं अंगावर येतोय. पोरं मात्र खुळावली. एकानं कॅमेरा काढला आणि कमानींचे फोटो घेत सुटला. दुसरा पावलं टाकून रुंदी मोजायला लागला, भाचा वहीत आकडे लिहायला.

पहिल्या मिरचीवाल्यानं हे पाहिलं आणि फुटपाथवर मांडलेलं पोतं मुकाट्यानं आत ओढलं. शेजारच्यानं पत्र्याच्या शेडचे बांबू काढले. मग चपलांवाला, मग बांगड्यांवाला. दुकानाबाहेर आलेले ओटे, पाट्या, हातगाडे एकेक करून मागं सरकायला लागले, आणि पाहता पाहता गोलाईचा रस्ता फैयाजुद्दीन साहेबांनी आखला होता तेवढा रुंद झाला. तात्या मधोमध उभे राहून हे बघत होते. त्यांना बोलायला शब्द सापडेनात, आणि पोरांना यात वेगळं काही चाललंय याचा पत्ताच नव्हता. शेवटी एक सराफ चहाचे चार कप घेऊन स्वतः बाहेर आला. वही धरलेल्या भाच्याच्या हातात त्यानं कप दिला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "साहेब, दिवाळी तेवढी होऊ द्या. मग काय पाडायचं ते पाडा."